फर्डिनांड पोर्शे : घसरणाऱ्या चाकावरचा उपाय

चिखलात गाडी रुतली की एक चाक जागीच गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक नुसते उभे राहते. असे का होते? वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून डिफरन्शियल असते. पण ते दोघांना सारखाच जोर देते. एक घसरले, की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो.

या अडचणीशी फर्डिनांड पोर्शे यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचा जन्म १८७५ साली बोहेमियात, पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. पुढे त्यांनी ऑटो युनियनसाठी १६ सिलिंडरची शर्यतीची गाडी आखली. तिची ताकद इतकी होती, की ताशी १६० किलोमीटरपर्यंत मागचे एक चाक घसरत राही. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी झेडएफ कंपनीकडून लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बनवून घेतले. आतल्या घर्षणामुळे पकड असलेल्या चाकाला जास्त जोर मिळू लागला.

हेच तंत्र कुबेलवागेन या जर्मन लष्करी गाडीत आले. केवळ मागच्या चाकांवर चालणारी ही हलकी गाडी त्यामुळे खडतर वाटाही पार करी. मात्र ती बनवणाऱ्या कारखान्यात सक्तीने मजूर राबवले गेले आणि पोर्शे स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते, हेही विसरता येत नाही. युद्धानंतर फ्रान्समध्ये कैद भोगून १९५१ साली स्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले.

आज फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत असे डिफरन्शियल बसवून घेतात, त्यामागे हीच कल्पना आहे.