चालुक्यनृप सहावा विक्रमादित्य

कल्याणीच्या चालुक्य वंशातील सहावा विक्रमादित्य हा आहवमल्ल सोमेश्वराचा दुसरा पुत्र. शौर्याने अग्रगण्य, परंतु जन्माने धाकटा. त्याच्या चरित्रातील सारा कलह या एका विसंगतीतून उद्भवला.

इ. स. १०६८ मध्ये असाध्य व्याधीने ग्रासलेल्या आहवमल्लाने कुरुवत्ती येथे तुंगभद्रेत देह विसर्जित केला आणि ज्येष्ठ पुत्र दुसरा सोमेश्वर सिंहासनारूढ झाला. लवकरच बंधूंची मने दुभंगली. ज्या चोळांशी पित्याने आयुष्यभर झुंज दिली, त्यांच्याच वीरराजेंद्राशी विक्रमादित्याने सख्य जोडले व त्याच्या कन्येचे पाणिग्रहण केले. गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी या संधीत मध्यस्थ झाला. परंतु १०७० मध्ये वीरराजेंद्र निवर्तला, त्याचा पुत्र अधिराजेंद्र अल्पावधीतच मारला गेला आणि वेंगीच्या चालुक्यकुळातील कुलोत्तुंग चोळांच्या गादीवर बसला. आता सोमेश्वराने त्याच्याशी मैत्री केली. विक्रमादित्याच्या पक्षास गोव्याचे कदंब, सेउणदेशाचे यादव व होयसळ मिळाले. १०७६ मध्ये सोमेश्वर बंदी झाला. विजयी अनुजाने राज्यासह चालुक्य-विक्रम संवत् प्रवर्तित केला.

बंधुद्रोहाचा हा पाठ कुळात तेथेच थांबला नाही. बनवासीचा अधिकार ज्याच्या हाती सोपविला, तो धाकटा बंधू जयसिंह पुढे बंड करून उठला व पराभूत झाला. साहाय्यक होयसळांच्या वंशातील विष्णुवर्धनही अखेरीस उलटला. गोव्याच्या दुसऱ्या जयकेशीस तर विक्रमादित्याने आपली कन्या मैलळदेवी देऊन आप्त करून घेतले. सामंतांची निष्ठा बलावर व सोयरिकीवर तोलली जात होती, हे तो पूर्ण जाणून होता.

त्याच्याच राजवटीत, त्याच कल्याणीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका रचली. पितामहार्जित धनावर पुत्राचे स्वत्व जन्मानेच उत्पन्न होते आणि ज्येष्ठास अधिक भाग देणारा विषम विभाग शास्त्रोक्त असला तरी लोकविद्विष्ट म्हणून आचरू नये, असा निर्णय तीत आहे. ज्याने अग्रजाचे संपूर्ण राज्य हिरावले, त्याच्या छत्राखाली भावांच्या न्याय्य वाट्याचा हा विचार सिद्ध झाला.

सुमारे ५० वर्षे राज्य करून विक्रमादित्य ११२६ च्या सुमारास निवर्तला. पुढे तीन-साडेतीन दशकांच्या आतच कलचुरी बिज्जळ या सामंताने कल्याणीचे सिंहासन बळकाविले. चालुक्य-विक्रम संवत् कालांतराने लोपला. मिताक्षरेच्या आधारे मात्र बंगाल वगळता भारताच्या बहुतेक भागांत शतकानुशतके भावांचे तंटे मिटविले गेले.