फोन दुसऱ्याच्या दारी जायचा, म्हणून अंत्यविधीवाल्यानं शोधलं ऑटोमॅटिक एक्सचेंज

जळगाव / धुळे : मोबाईल काढला, नाव दाबलं, की समोरचा बोलायला लागतो. कंपनी कोणतीही असो. पण आपल्याकडच्या जुन्या मंडळींना विचारा. पूर्वी बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑपरेटर लाईन जोडून देईल तेव्हाच बोलणं, तोवर वाट बघत बसायचं. मधल्या माणसाच्या हातात सगळं होतं. हा मधला माणूस काढून टाकणाऱ्याची ही गोष्ट.

त्याचं नाव अल्मन स्ट्रोजर. जन्म 1839 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. तो तिथल्या यादवी युद्धात लढला, नंतर मास्तरकी केली, आणि पुढं अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा धरला. कॅन्सस सिटीत त्याचं दुकान होतं. इंजिनियरिंग तो शिकला नव्हता.

त्या काळी फोन उचलला की एक्सचेंजमधली बाई विचारायची, कोणाला जोडू? मग ती हातानं वायर त्या माणसाच्या भोकात खोचायची. स्ट्रोजरला संशय आला, की आपल्या गिऱ्हाईकांचे फोन दुसऱ्या अंत्यविधीवाल्याकडं जातात. एक्सचेंजमधली बाई त्या स्पर्धकाचीच बायको होती, असंही सांगतात. ते खरं-खोटं काहीही असो, स्ट्रोजर नुसता भांडत बसला नाही. फोन कुठं जावा हे फोन करणाऱ्यानंच ठरवलं पाहिजे, असं त्याच्या डोक्यात बसलं.

शर्टाची कॉलर ठेवायची गोल डबी घेऊन त्यात टाचण्या टोचून त्यानं पहिला नमुना केला, असं म्हणतात. युक्ती साधी होती. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा टोकं, म्हणजे शंभर फोन. मधे एक फिरता दांडा. समजा 57 नंबर लावला. पाचच्या आकड्याला दांडा पाच पायऱ्या वर चढतो, सातच्या आकड्याला सात घरं फिरतो, आणि बरोब्बर त्याच टोकाला लागतो. नंबर म्हणजेच रस्ता. कोणाची ओळख नाही, कोणाची मर्जी नाही.

1889 मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, 10 मार्च 1891 ला ते मिळालं. पुतण्या वॉल्टर आणि काही भागीदार धरून कंपनी काढली. 3 नोव्हेंबर 1892 ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात पहिलं ऑटोमॅटिक एक्सचेंज सुरू झालं, सुमारे 75 फोनचं.

पैसा मात्र त्याच्या वाट्याला थोडाच आला. 1896 मध्ये त्यानं पेटंट 1,800 डॉलरला आणि 1898 मध्ये कंपनीतला हिस्सा 10,000 डॉलरला विकला. हीच पेटंटं 1916 मध्ये बेल कंपनीनं 25 लाख डॉलरला घेतली! तोवर स्ट्रोजर राहिला नव्हता. 26 मे 1902 ला फ्लोरिडात तो वारला.

त्याची युक्ती आपल्याही देशात आली. 1913-14 मध्ये सिमल्यात 700 लाईनचं ऑटोमॅटिक एक्सचेंज बसलं. पुढं बंगळूरच्या आयटीआय कारखान्यात स्ट्रोजर पद्धतीची यंत्रं तयार व्हायला लागली. 1960 मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशातली पहिली एसटीडी सुरू झाली. एसटीडीत पहिलं शून्य म्हणजे लाईन गावाबाहेर काढा. मग 257 आला तर जळगाव, 2562 आला तर धुळे. बाकीचे आकडे गावातलं घर शोधतात. एकेक आकडा, एकेक पायरी.

आता तो दांडा गेला, त्याचं काम कॉम्प्युटर करतात. 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यामुळं नुसत्या आकड्यांवरून कंपनी कळत नाही. आपली कंपनी आधी यादीत बघते, की हा नंबर सध्या कोणाकडं आहे. मग दोन कंपन्यांच्या लाईनी जिथं जोडल्या आहेत, तिथून कॉल पलीकडं सोपवते. तिथं लाईनी कमी पडल्या, तर टॉवर फुल असूनही कॉल लागत नाही.

केळीचा भाव विचारायला रावेरहून दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोन लावला, तर तो त्याच व्यापाऱ्याला लागतो, शेजारच्या गाळ्यावर जात नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका दुकानदारानं धरलेला हट्ट त्याच्यामागं आहे.