लाल केसांचे व्हायोलिनवादक धर्मगुरू



इटलीतील व्हेनिस शहरात ४ मार्च १६७८ रोजी एका साध्या घरात मूल जन्मले. त्याच्या जिवाला धोका आहे असे वाटल्याने सुईणीने घरीच त्याला घाईघाईने स्नानसंस्कार दिला. दोन महिन्यांनी धर्मग्रामाच्या चर्चमध्ये उरलेले विधी झाले. हे बाळ म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीतकार फादर अंतोनियो विवाल्दी.

वडील जोव्हानी बाप्तिस्ता आधी न्हाव्याचे काम करत. पण व्हायोलिनवर त्यांचा जीव. १६८५ साली संत मार्कच्या बॅसिलिकेत त्यांना वादकाची जागा मिळाली. त्यांनीच थोरल्या अंतोनियोच्या हाती व्हायोलिन दिले. १६९६ च्या नाताळात याच बॅसिलिकेत जादा वादक म्हणून अठरा वर्षांचा अंतोनियो वाजवायला बसला.

त्याआधीच, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने धर्मगुरू होण्याच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले होते. सेमिनरीत न राहता, घरी राहूनच त्याने धर्मग्रामातील धर्मगुरूंच्या हाताखाली शिक्षण घेतले. त्यामुळे व्हायोलिनही सुटले नाही. २३ मार्च १७०३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लाल केसांमुळे लोक त्यांना लाल पाद्री म्हणू लागले.

पण जन्मापासूनचे छातीचे दुखणे पाठ सोडेना. श्वास कोंडायचा. काही वर्षांतच त्यांनी मिस्सा अर्पण करणे थांबवले. ज्या वेदीसाठी दहा वर्षे तयारी केली, तिच्यापासूनच दूर राहणे किती जड गेले असेल!

मात्र दुसरे दार उघडलेले होते. १७०३ सालीच ‘पिएता’ या अनाथालयात ते व्हायोलिन शिक्षक झाले. पगार वर्षाला ६० डुकाट. टाकून दिलेली मुले या संस्थेत वाढत आणि निवडक मुलींना संगीत शिकवले जाई. चर्चमधील जाळीआड उभ्या राहून त्या गात व वाजवत, आणि ते ऐकायला परदेशातूनही लोक येत. ज्यांना आईबापांचे नावही ठाऊक नव्हते, त्या मुलींसाठी फादरांनी एकाहून एक सरस रचना लिहिल्या. १७०५ साली त्यांचा पहिला संगीतसंग्रह छापून निघाला.

तरीही १७०९ साली संचालकांनी एका मताच्या फरकाने त्यांची नेमणूक थांबवली. फादर खचले नाहीत, लिहीत राहिले. १७११ साली त्याच संचालकांनी त्यांना एकमताने परत बोलावले. त्याच वर्षी अॅमस्टरडॅममध्ये त्यांचे बारा कॉन्चेर्तो छापले गेले. जर्मनीत तरुण बाख यांनी त्यांतील काही उतरवून त्यांचा अभ्यास केला.

विवाल्दी संत नव्हते. पुढे नाटकगृहांचा नाद, पैशांचे व्यवहार आणि टीका हे सारे त्यांच्या वाट्याला आले. २८ जुलै १७४१ रोजी व्हिएन्नात ते गरिबीत वारले. जग त्यांना विसरले. १९२६ साली इटलीतील सालेशियन फादरांच्या एका शाळेत त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला, आणि अनाथ मुलींसाठी लिहिलेले ते संगीत पुन्हा जगभर घुमू लागले. त्यांचे ‘ग्लोरिया’ आज अनेक चर्चमध्ये गायले जाते.

आजारपणामुळे किंवा वयामुळे आपल्यापैकी काहींची पूर्वीची सेवा सुटली असेल. मन खट्टू होते. पण देवाने दिलेले सारेच काही संपत नाही. हाती काय उरले आहे ते पाहू या आणि तेच त्याला अर्पण करू या. शिवाय आपले मूल रोज संध्याकाळी व्हायोलिनवर बेसूर घासत बसले, तर त्याला रागावू नका. शेजारी बसा. अंतोनियोच्या वडिलांनी तेच केले होते.