विनोबा भावे : सर्वोदयापासून प्रायोपवेशनापर्यंत

विनोबा शिकवताना आपण भूदानापाशी थांबतो. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गागोदे, रायगड जिल्हा. १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी शंभर एकर मिळाले, मग वर्षानुवर्षं पायपीट. त्यामागचा विचार मात्र राहूनच जातो. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हा उपयुक्ततावादाचा हिशेब त्यांना पटत नव्हता. उरलेल्या थोड्यांचं काय? म्हणून सर्वोदय.

मुकुंदवाडीतली आमची पोरं अडवतात ती पुढे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ८७ वर्षांच्या विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. मग ही आत्महत्याच ना?

मला तसं वाटत नाही. त्यांनी कुणाच्या हातून मरण मागितलं नाही. पण औषध नाकारणं वेगळं अन् अन्नपाणी सोडणं वेगळं, तिथं वाद उरतोच. तो वर्गात होऊ द्या. एक मात्र बघा, आपण घराला भार झालो हा हिशेब विनोबांचा नव्हता. घरातली आजी तसं म्हणते, तेव्हा तो तिचा निर्णय असतो की आपण मांडलेला हिशेब?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरं न होणाऱ्या रुग्णाला, जगवणारे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवायची मुभा दिली. मरणासाठी इंजेक्शन देणं आजही गुन्हाच आहे.