चामड्याच्या दुकानातील कप्तान

मेक्सिकोच्या युद्धात शौर्य गाजविलेल्या युलिसिस ग्रँटने १८५४ मध्ये अमेरिकी सैन्यातील कप्तानपद सोडले. शेती फसली; सेंट लुईसमध्ये त्याने जळाऊ लाकूड विकले. त्या ओढगस्तीतही १८५९ साली त्याने आपला गुलाम विल्यम जोन्स याला न विकता मुक्त केले. त्याच्या पुढील विजयांइतकीच ही गोष्ट मोलाची. १८६० मध्ये इलिनॉयमधील गॅलिना या लहानशा गावी तो वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावाच्या हाताखाली राहिला. व्यापार त्याला साधलाच नाही. १८६१ च्या यादवी युद्धाने त्याला पुन्हा सैन्यात नेले. पुढे सेनापतिपद, राष्ट्राध्यक्षपदही लाभले. १८८४ मध्ये भागीदाराच्या लबाडीने तो पुरता नागवला गेला. कर्करोगाने घसा पोखरला असताना, कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून त्याने आत्मवृत्त लिहिले. ते पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, तो निवर्तला. त्या ग्रंथाने त्याच्या पत्नीला सुमारे ४,५०,००० डॉलर मिळवून दिले.