कारायान यांची पोर्शे

१९७४ साली जर्मनीतील पोर्शे कंपनीकडे एका गिऱ्हाइकाची चमत्कारिक मागणी आली. कंपनीने त्याच वर्षी ९११ टर्बो ही नवी मोटार जगापुढे आणली होती. २६० अश्वशक्तीची ही गाडी त्या काळी रस्त्यावर धावणाऱ्या सर्वांत वेगवान मोटारींपैकी एक होती. गिऱ्हाइकाला तेवढ्याने समाधान नव्हते. गाडीचे वजन हजार किलोच्या आत हवे आणि इंजिनाची ताकद वाढवून हवी, असा त्याचा आग्रह होता. असली मागणी एखाद्या पंचविशीतल्या शर्यतपटूने केली असती तर नवल नव्हते. पण गिऱ्हाईक होते सहासष्ट वर्षांचे, आणि त्यांचा व्यवसाय होता बर्लिन फिलहार्मोनिक या जगद्विख्यात वाद्यवृंदाचे संचालन करण्याचा. त्यांचे नाव हर्बर्ट फॉन कारायान.

कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एर्न्स्ट फुरमान हे स्वतः इंजिनांचे नामांकित अभियंते. त्यांनी मागणी मनावर घेतली. शर्यतीच्या गाडीचा हलका सांगाडा, शर्यतीचेच सस्पेन्शन आणि सुमारे ३६० अश्वशक्तीचे इंजिन अशी एकमेव मोटार तयार झाली. मागची आसने काढून तिथे, गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून, पोलादी पिंजरा बसवण्यात आला. वजन वाचवण्यासाठी आतून दार उघडायच्या मुठीच्या जागी कातडी पट्टा आला. रंग मार्टिनी या शर्यत चमूचा, पांढऱ्यावर निळे-लाल पट्टे. मागच्या रुंद पंखाखाली जिथे इतर गाड्यांवर ‘टर्बो’ असे लिहिलेले असे, तिथे मालकाचे आडनाव होते. मालकाला प्रसिद्धीचे वावडे नव्हते, हे यावरून कळावे.

यंत्रांची ओढ त्यांना उतारवयात लागली असे मात्र नाही. कारायान यांचा जन्म ५ एप्रिल १९०८ रोजी साल्झबर्गमध्ये, मोझार्टच्या गावी झाला. वडील शल्यचिकित्सक, पण हौशी क्लॅरिनेटवादक. धाकट्या हर्बर्टने लहानपणापासून पियानोचे शिक्षण घेतले. पुढे व्हिएन्नात गेल्यावर काही काळ तांत्रिक महाविद्यालयातही नाव घातले होते. अभियंता काही ते झाले नाहीत. १९२९ मध्ये उल्म या छोट्या गावातील नाट्यगृहात नोकरी मिळाली, तिथून १९३४ मध्ये आखेन आणि मग बर्लिन, अशी चढण त्यांनी झपाट्याने पार केली.

या चढणीवर एक काळा डागही आहे आणि तो झाकून त्यांचे चरित्र लिहिता येत नाही. कारायान नाझी पक्षाचे सभासद झाले होते. महत्त्वाकांक्षेपोटी हे घडले असे त्यांचे समर्थक म्हणत आले; परंतु त्याच काळात अनेक कलावंतांनी देश सोडला, कित्येकांनी प्राण गमावले, हे विसरता येत नाही. युद्धानंतर १९४६ मध्ये व्हिएन्नात त्यांच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी आली, ती १९४७ मध्ये उठली. त्या रिकाम्या काळात ब्रिटिश ध्वनिमुद्रण निर्माते वॉल्टर लेग यांनी त्यांना स्टुडिओत नेले, आणि ध्वनिमुद्रण हेच पुढे कारायान यांच्या कीर्तीचे व संपत्तीचे मुख्य वाहन ठरले. १९५५ मध्ये फुर्टवेंगलर यांच्या पश्चात बर्लिन फिलहार्मोनिकची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १९८९ पर्यंत. १९५६ ते १९६४ या काळात व्हिएन्नाचा स्टेट ऑपेराही त्यांच्याकडे होता. त्याच दशकात व्हिएन्नात शिकणारे आपले मुंबईकर झुबिन मेहता आणि त्यांचे मित्र क्लाउदिओ आबादो हे दोघे तिथल्या गायकवृंदात शिरले होते. गाणे हा उद्देश नव्हताच. कारायान आणि ब्रूनो वॉल्टर तालीम कशी घेतात हे जवळून पाहता यावे, एवढाच हेतू होता.

पैसा आला तशी यंत्रेही आली. विमान चालवण्याचा परवाना त्यांनी मिळवला आणि पुढे स्वतःचे जेट विमान ते स्वतः चालवत. शर्यतीच्या शिडाच्या नौकेला त्यांनी हेलिसारा हे नाव दिले. स्वतःचे, पत्नी एलिएत यांचे आणि इझाबेल व आराबेल या दोन मुलींचे अशा चौघांच्या नावांतील अक्षरे जोडून ते बनले होते. मोटारी तर अनेक झाल्या. त्यात पोर्शेचे स्थान वेगळे. या घराण्याचे ऑस्ट्रियाशी जुने नाते होते. पोर्शे नावाची पहिली मोटार १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्याच ग्म्युंड या गावी तयार झाली होती.

टर्बो मोटार चालवणे हा पोरखेळ नव्हता. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की मागचा भाग बाहेर फेकला जाई. शिवाय धुराड्याकडे जाणाऱ्या वायूवर फिरणारा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबत असे. त्यामुळे पाय दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे आणि मग सगळी ताकद एकदम उसळून येई. हा विलंब आधीच हिशेबात धरून चालकाला वळणाच्या पुढचा विचार करावा लागे. वाद्यवृंदाचा संचालकही नेमके हेच करत असतो. शंभर वादकांकडून येणारा सूर उमटण्याच्या क्षणभर आधी त्याचा हात हलावा लागतो. कारायान यांना ही गाडी इतकी का आवडली असेल, याचे एक उत्तर मला इथे सापडते.

साल्झबर्गजवळच्या आनिफ या खेड्यात त्यांचे घर होते. पहाटे, रस्ते रिकामे असताना, ते तिथून निघत आणि सीमेपलीकडे बेर्ख्टेसगाडेनजवळच्या रोसफेल्डच्या घाटात जात. दीड हजार मीटरहून उंच चढणारा हा नागमोडी रस्ता, दोन्ही बाजूंना आल्प्सची शिखरे, आणि गाडीत बसलेला एकटा वृद्ध गृहस्थ. त्यांचा दिवसभराचा काळ माणसांत जाई: वादक, गायक, ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ, कंपन्यांचे अधिकारी. घाटातल्या त्या वेळेत मात्र कोणी नसे.

नियतीची गंमत अशी, की त्याच सुमारास शरीर हातचे जाऊ लागले होते. १९७५ च्या अखेरीस त्यांच्या पाठीच्या मणक्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. १९७८ मध्ये बर्लिनमधील तालमीच्या वेळी ते व्यासपीठावरून कोसळले. डोळे मिटून, संहितेचे पानही समोर न ठेवता तासन् तास उभे राहून संचालन करणारा हा माणूस पुढे पुढे आधाराशिवाय चालू शकत नसे आणि व्यासपीठावर टेकण्यासाठी खास आसन लागे. पायांनी असहकार पुकारला होता. विमान आणि मोटार तेवढी अजून आज्ञेत होती.

वाद्यवृंदही तसा आज्ञेत राहिला नाही. १९८२ मध्ये साबिने मायर या तरुण क्लॅरिनेटवादिकेला घ्यायचे कारायान यांनी ठरवले आणि वादकांनी मतदान करून तिला नाकारले. निर्णयाचा अधिकार कोणाचा, हा खरा वाद होता. मायर १९८४ मध्ये स्वतःच बाजूला झाल्या. पण सुमारे तीस वर्षांच्या संसाराला पडलेली भेग बुजली नाही. दोष एकट्या वादकांचा होता असे म्हणवत नाही. घाटात स्टीअरिंग जसे हाताला प्रतिसाद देते तसाच जिवंत माणसांनीही द्यावा, ही अपेक्षा त्यांच्या स्वभावातच होती.

ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पोर्शेची ९५९ घेतली. चारही चाकांना ताकद देणारी, ४५० अश्वशक्तीची, ताशी ३०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी ही गाडी गिऱ्हाइकांसाठी जेमतेम तीनशेच्या घरात तयार झाली होती. जिना चढताना ज्यांना हाताचा आधार लागे, त्यांच्या दारात ती उभी होती.

एप्रिल १९८९ मध्ये कारायान यांनी बर्लिन फिलहार्मोनिकचा राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला व्हिएन्नात ब्रुकनरच्या सातव्या सिम्फनीने त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. १६ जुलै रोजी आनिफच्या घरी सोनी कंपनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा त्यांना भेटायला आले होते. ओगा स्वतः शिकलेले गायक आणि विमान चालवणारे, म्हणजे दोन्ही छंदांतले सोबती. त्या भेटीतच हृदयविकाराच्या झटक्याने कारायान गेले. साल्झबर्ग महोत्सवासाठी वेर्दीच्या एका ऑपेराच्या तालमी तेव्हा चालू होत्या. गावातल्याच स्मशानभूमीत त्यांचे साधे थडगे आहे. पट्ट्यांची ती मोटार पुढे संग्राहकांकडे गेली.