टीव्हीची पहिली रेष: फायलो फार्न्सवर्थ यांची गोष्ट



परवा भाच्याने घरी नवा सेट-टॉप बॉक्स जोडला. पिक्चर सेटिंग उघडल्यावर समोर यादी आली: ५७६आय, ७२०पी, १०८०आय, १०८०पी. त्याने विचारलं, मामा, यातलं काय ठेवू? मी पटकन सांगितलं, १०८०पी ठेव. पण हा आकडा नक्की कशाचा, आणि ते आय आणि पी काय, हे त्याने विचारल्यावर मी जरा थांबलो. कारण हे शब्द नीट समजून घ्यायचे तर सेटिंगच्या पानावरून सुरुवात करून चालत नाही. एका माणसापासून सुरुवात करावी लागते. आजचा लेख त्याच माणसावर आहे.

आधी एक पांढरी रेष

१९९० च्या आसपास मी सातारला टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात हाताखाली काम करायचो. तेव्हा सगळे पिक्चर ट्यूबवाले जड सेट. आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन यायचं: आवाज येतोय, पण चित्र गायब, पडद्याच्या मधोमध फक्त एक लखलखीत आडवी रेष. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नुसतं बघून सांगायचे की व्हर्टिकल गेलं. मग आधी ब्राइटनेस कमी करायचा, नाहीतर त्या एका जागी पडदा कायमचा जळतो. नंतर व्हर्टिकलची आयसी बदलायची. सेट चालू केला की ती रेष वर-खाली पसरायची आणि गुंडाळलेली चटई उघडावी तसं चित्र उलगडायचं.

मला दुरुस्ती यायची, पण त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं. बऱ्याच वर्षांनी फायलो फार्न्सवर्थ यांच्याबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की ती एकटी रेष म्हणजे टीव्हीच्या जन्माच्या दिवसाचंच चित्र होतं.

बटाट्याचं शेत

फायलोचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात बीव्हरजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. तो बारा-तेरा वर्षांचा असताना कुटुंब आयडाहो राज्यात रिग्बीजवळच्या शेतावर राहायला गेलं. तिथे विजेसाठी जनरेटर होता आणि माळ्यावर जुनी विज्ञान मासिकं पडलेली होती. पोराला दुसरं काय हवं! त्याने जनरेटर दुरुस्त करायला शिकून घेतलं आणि आईच्या हाताने फिरवायच्या कपडे धुण्याच्या यंत्राला मोटर बसवून दिली.

त्या काळात दूरवर चित्र पाठवण्याचे प्रयत्न चालू होते, पण ते फिरत्या चकतीवर. जर्मनीच्या पॉल निपकॉव्हने १८८४ मध्ये भोकं पाडलेल्या चकतीची कल्पना मांडली होती. त्याच तत्त्वावर पुढे जॉन लोगी बेअर्डने १९२६ मध्ये लंडनला ३० रेषांचं चित्र दाखवलं. अडचण अशी की चित्रात बारकावे हवे असतील तर चकतीला शेकडो भोकं हवीत आणि ती प्रचंड वेगाने फिरायला हवी. लोखंड त्या वेगाला पुरं पडत नाही.

चौदा वर्षांचा फायलो १९२१ मध्ये घोडे जुंपून शेतात काम करत होता. मागे वळून पाहिलं तर एकाखाली एक तास पडत गेलेले. त्याच्या मनात आलं की चित्रही असंच कापता येईल. एका झटक्यात सगळं चित्र पाठवायचं नाही. एकेका ओळीने, डावीकडून उजवीकडे, वरून खाली पाठवायचं. आणि ते काम चकतीने करायचं नाही, इलेक्ट्रॉनने करायचं, कारण इलेक्ट्रॉनला वजन जवळजवळ नाहीच. ओळी पुरेशा वेगाने आल्या तर डोळा त्यांचं एक चित्र करून घेतो.

१९२२ मध्ये त्याने ही कल्पना शाळेतल्या जस्टिन टॉलमन या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना फळ्यावर काढून दाखवली. हे लक्षात ठेवा, पुढे याच आकृतीला मोल येणार आहे.

ग्रीन स्ट्रीटची प्रयोगशाळा

१९२४ मध्ये वडील वारले आणि घराची जबाबदारी अंगावर आली. कॉलेज अर्धवट सुटलं. सॉल्ट लेक सिटीत काम करताना जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गोरेल या दोघांशी ओळख झाली आणि त्यांनी पहिले ६,००० डॉलर लावले. मे १९२६ मध्ये एल्मा गार्डनरशी लग्न झालं. सगळे तिला पेम म्हणायचे. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकवाल्यांनी २५,००० डॉलर दिले आणि २०२, ग्रीन स्ट्रीट इथे प्रयोगशाळा उभी राहिली. पेमचा भाऊ क्लिफ काच फुंकायला शिकला, कारण हव्या त्या आकाराची नळी बाजारात मिळतच नव्हती.

फार्न्सवर्थ यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या नळीला इमेज डिसेक्टर म्हटलं, म्हणजे चित्राचे तुकडे करणारी. भिंगातून चित्र एका खास पत्र्यावर पडायचं. जिथे उजेड जास्त तिथून इलेक्ट्रॉन जास्त सुटायचे. हा सगळा इलेक्ट्रॉनचा पडदा चुंबकीय कॉइलने हलवून एका बारीक भोकासमोरून नेला जायचा. भोकातून क्षणाक्षणाला जेवढे इलेक्ट्रॉन येतील तेवढा करंट. हा कमी-जास्त होणारा करंट म्हणजेच व्हिडिओ सिग्नल. व्याख्या इतकी सोपी आहे: चित्रातल्या उजेडाचा, वेळेच्या क्रमाने मांडलेला हिशेब.

७ जानेवारी १९२७ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. ७ सप्टेंबर १९२७ रोजी एका खोलीत क्लिफने काचेवर रंगवलेली रेष कॅमेऱ्यासमोर धरली आणि शेजारच्या खोलीतल्या नळीवर रेष उमटली. काच फिरवली तशी पडद्यावरची रेषही फिरली. फार्न्सवर्थ तेव्हा २१ वर्षांचे होते.

रेषेने सोबत आणलेले शब्द

मित्रांनो, चित्र ओळींत कापायचं ठरलं की बाकीचे शब्द आपोआप मागे येतात. एकेक बघू.

*स्कॅनिंग आणि रास्टर.* ओळीओळीने फिरण्याला स्कॅनिंग म्हणतात. त्या सगळ्या ओळी मिळून पडद्यावर जो आयत तयार होतो तो रास्टर. आमच्या दुकानातला तो सेट म्हणजे रास्टर मिटून एका रेषेवर आला होता.

*करवती लहर.* सुरुवातीला फार्न्सवर्थ यांनी साध्या साइन लहरीवर स्कॅनिंग केलं. त्यात नांगराप्रमाणे जातानाही ओळ आणि परततानाही ओळ पडायची, आणि दोन्ही जुळत नसल्याने चित्र दुहेरी दिसायचं. मग करवतीच्या दातासारखी लहर आली: जाताना सावकाश, परतताना झटकन. म्हणजे नांगरणी सोडून वाचनाची पद्धत घेतली. आपणही ओळ संपली की डोळे उचलून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नेतो.

*ब्लँकिंग.* परत जाताना किरण विझवलेला हवा, नाहीतर पडद्यावर तिरक्या रेघा दिसतात. तेवढ्या वेळापुरता सिग्नल काळा ठेवतात, ते ब्लँकिंग.

*सिंक.* कॅमेरा जिथे आहे, त्याच क्षणी घरचा टीव्हीही त्याच जागी हवा. म्हणून प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी एक खुणेचा ठोका पाठवतात. जुन्या सेटवर चित्र वर-वर सरकायला लागलं की आपण मागचं व्ही-होल्ड फिरवायचो, आठवतं? तो सिंक सुटलेला असायचा.

*आय आणि पी.* पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, ओळी क्रमाने. आय म्हणजे इंटरलेस, आधी १, ३, ५ अशा विषम ओळी, मग सम. अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, दोन फील्डची एक फ्रेम. यामुळे तेवढ्याच सिग्नलमध्ये लुकलुक कमी झाली. ही युक्ती मात्र फार्न्सवर्थ यांची नाही, ती १९३० च्या दशकात इतर इंजिनियरांनी आणली. भारताने ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० फील्ड हे माप घेतलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते याच मापावर. ६२५ पैकी चित्राच्या ५७६, म्हणून बॉक्समध्ये ५७६आय लिहिलेलं असतं. उरलेल्या ४९ ब्लँकिंगमध्ये जातात.

खटला जिंकला, वेळ हरला

१९३० मध्ये आरसीए या बलाढ्य कंपनीकडे जाणार असलेले व्लादिमिर झ्वॉरिकिन ग्रीन स्ट्रीटला येऊन सगळं पाहून गेले. २६ ऑगस्ट १९३० रोजी पेटंट मंजूर झालं. १९३१ मध्ये आरसीएने १ लाख डॉलर देऊ केले. फार्न्सवर्थ यांनी नाही म्हटलं. त्यांना विकायचं नव्हतं, लायसन्स द्यायचं होतं.

मग पेटंट कार्यालयात वाद सुरू झाला. आरसीएचं म्हणणं, झ्वॉरिकिन यांचा अर्ज १९२३ चा आहे, म्हणून शोध त्यांचा. इथे टॉलमन मास्तर कामी आले. आपल्या विद्यार्थ्याने शाळेत काढलेली आकृती त्यांनी आठवणीतून पुन्हा काढून दाखवली. १९३४ मध्ये निकाल फार्न्सवर्थ यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पूर्ण इलेक्ट्रॉनिक टीव्ही लोकांना दाखवला. १९३९ मध्ये आरसीएने अखेर १० लाख डॉलरचा करार केला.

पण खरं सांगायचं तर इमेज डिसेक्टरमध्ये एक उणीव होती. भोकासमोर नसलेले इलेक्ट्रॉन वाया जायचे, म्हणून त्याला भरपूर उजेड लागायचा. झ्वॉरिकिन यांचा आयकॉनोस्कोप उजेडाचा परिणाम साठवून ठेवायचा, म्हणून स्टुडिओत तो सरस ठरला. टीव्ही एकट्याने कुणीच बनवला नाही. तरी पूर्ण इलेक्ट्रॉनिक चित्र आधी चालवून दाखवलं ते फार्न्सवर्थ यांनी, हे नाकारता येत नाही.

या धावपळीत घराने बरंच सोसलं. मार्च १९३२ मध्ये त्यांचा लहानगा केनी घशाच्या संसर्गाने गेला. पेम एकटीच मुलाला घेऊन आगगाडीने युटाला गेली. फार्न्सवर्थ कामामुळे जाऊ शकले नाहीत. पुढे नैराश्य आलं, दारू आली. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत टीव्ही सेट बनवणं बंद झालं. १९४७ मध्ये मुख्य पेटंटांची मुदत संपली, आणि नेमके त्यानंतर घरोघरी टीव्ही जाऊ लागले. १९४९ मध्ये कंपनी विकली गेली. निकाल त्यांच्या बाजूने होता, पण घड्याळ नव्हतं. १९५७ मध्ये ते टीव्हीवरच्या एका कोड्याच्या कार्यक्रमात आले, आणि समोर बसलेल्यांना हा माणूस कोण ते ओळखता आलं नाही.

२० जुलै १९६९ च्या रात्री मात्र त्यांनी पेमसोबत चंद्रावरचं चित्र टीव्हीवर पाहिलं. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम आणि ३२० ओळी पाठवत होता. पृथ्वीवर त्याचं रूपांतर ५२५ ओळींत केलं गेलं. याला स्कॅन कन्व्हर्जन म्हणतात, आपला बॉक्स ५७६ चं १०८० करतो ते याच जातीचं काम. त्या रात्री सगळ्या कष्टांचं चीज झालं असं त्यांना वाटलं, असं पेमने पुढे सांगितलं. ११ मार्च १९७१ रोजी, ६४ व्या वर्षी ते गेले.

आता तुमच्या पडद्यावर

आज एलसीडी आणि ओएलईडीत किरणच नाही. तरी पडदा अजून ओळीओळीनेच ताजा होतो. एचडीएमआय केबलमधून १०८०पी जातं तेव्हा एकूण १,१२५ ओळी जातात, त्यातल्या ४५ चित्राच्या नसतात. किरण परत नेण्यासाठी सोडलेली ती जागा तशीच राहिली, आणि आता त्या ब्लँकिंगच्या वेळातच एचडीएमआयचा आवाज बसवलेला असतो. म्हणजे तुम्ही टीव्हीवर जे ऐकता ते एका जुन्या परतीच्या वाटेवरून येतं.

तर भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं: आकडा म्हणजे ओळी मोजल्यात, पी म्हणजे त्या क्रमाने येतात, आय म्हणजे एकाआड एक. नव्या सपाट टीव्हीला पी बरं. तुम्हीही आज रिमोट घ्या, सेटिंग उघडा आणि तो आकडा एकदा बघा. त्या ओळींची कल्पना एका चौदा वर्षांच्या पोराला शेतात सुचली होती.